रक्ताची वहिनी

माझा संशोधनाचा प्रकल्प मंजूर झाल्याची बातमी मी सगळ्यांत आधी मावशीला सांगितली, आणि तिनं ती चुकीची ऐकली.

तामलवाडीला तिच्या शेतातल्या शेडमध्ये आम्ही कोष वेचत बसलो होतो. मावशी आणि काका काही वर्षांपासून रेशीम काढतात. एकरभर तुती, पत्र्याची शेड आणि आत अळ्यांचे मजल्यावर मजले. अळी पाला खाऊन पिकली की तिला प्लॅस्टिकच्या जाळीवर सोडायचं. ती तिथं स्वतःभोवती कोष विणते, आणि मग माणसांनी बसून ते एकेक वेचायचे. मी धाराशिवला एका महाविद्यालयात शिकवते. सुट्टी असली की वेचायला येते, कारण वेचताना हातांइतकीच तोंडंही चालतात. त्या दिवशी मी जरा फुशारकीनंच म्हटलं, "मावशी, आता मी तुमच्या रेशमाची रक्तवाहिनी बनवणार."

मावशीचा हात थांबला. "कुणाची वहिनी?"

"वहिनी नाही गं. रक्तवाहिनी."

"रक्ताची वहिनी?" तिनं काकांकडं बघितलं. "आवं, ऐकलं का? वहिनी कधी रक्ताची असती व्हय? ती तर परक्याच्या घरनं आणावी लागती."

काका इतके हसले की त्यांच्या हातातली जाळी कलंडली. मी तापट आहे, माझं डोकं लगेच फिरतं. "शीर गं, शीर!" मी ओरडले. "अंगात जिच्यातनं रक्त फिरतं ती नळी. कुणाची तुंबली, खराब झाली, तर तिच्या जागी आपण केलेली बसवायची. रेशमाच्या तंतूंची."

"मग तसं बोल की. वहिनी कशाला मधी आणतीस?" असं म्हणून ती पुन्हा वेचायला लागली, पण नाव पडायचं ते पडलंच. दुसऱ्या दिवसापासून फोनवर चौकशी सुरू झाली. वहिनी कुठवर आली? वहिनीनं बाळसं धरलं का? पुढं तर माझ्याच तोंडात ते इतकं बसलं की प्रयोगशाळेतल्या डब्यांवर मी 'वहिनी ४', 'वहिनी ५' असं लिहायला लागले. आमच्या प्राचार्यांनी एकदा ते वाचलं आणि काही न विचारता निघून गेले.

मावशीच्या या चौकशीमागं गमतीपेक्षा जास्त काही होतं. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ती सोलापूरला डायलिसिसला जायची. डाव्या मनगटाशी डॉक्टरांनी तिची शीर आणि धमनी एकमेकींना जोडून दिली होती. तिथं फुगलेल्या शिरेत दोन सुया घालायच्या आणि चार तास रक्त मशीनमधून फिरवून आणायचं. त्या जागेवर बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागते. थरथर आहे तोवर काम चालू. मावशी ती आल्यागेल्याला दाखवायची. "लाव बोट. भिऊ नगं. भुंगा हाय आत." शेजारणी बोट लावायच्या आणि किंचाळून मागं सरायच्या, की मावशीची दिवसाची करमणूक झाली. दवाखान्यातही तिचा दरबारच असे. जाताना ती तिथल्या सिस्टरांसाठी भाकरी आणि ठेचा घेऊन जायची, आणि त्या बदल्यात खिडकीजवळची खाट पटकावायची.

माझं काम मी तिला सगळं सांगायचे. कोष कापून आतली अळी काढायची, कोष सोड्याच्या पाण्यात उकळायचे म्हणजे वरचा डिंक निघून जातो. उरलेलं पांढरंशुभ्र रेशीम एका खारट द्रावणात विरघळवायचं. मग त्यातलं मीठ काढण्यासाठी ते एका पातळ पिशवीत भरून पाण्यात ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं. या कृतीला आम्ही काय म्हणतो, हे मी अगदी सहज बोलून गेले. डायलिसिस.

"रेशमालाबी?" मावशीचे डोळे चमकले. "किती तास?"

"तास कसले? दोन-तीन दिवस सलग."

"अगं बया! माझं चारच तासांत उरकतंय." तिला त्याचा इतका आनंद झाला की पुढच्या खेपेला तिनं दवाखान्यातल्या सगळ्या खाटांना ही बातमी दिली. रेशमाची तब्येत आपल्यापेक्षा वाईट आहे, हे ऐकून तिथल्या मंडळींनाही म्हणे बरं वाटलं.

पुढची गंमत यंत्राची. ते रेशीम वाळवून, पुन्हा एका उग्र वासाच्या आम्लात विरघळवून सुईतून सोडायचं. सुईला विजेचा जबर दाब असतो. त्यानं थेंब ताणला जातो, त्याचा डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक तंतू होतो आणि समोर गरगर फिरणाऱ्या लोखंडी काडीवर जाऊन बसतो. तासाभरानं काडीवर पांढरी साय दिसते. मग ती स्पिरिटमध्ये बुडवून पक्की करायची आणि मोज्यासारखी हलक्या हातानं काडीवरून उतरवायची. पेनातल्या रिफिलीपेक्षा जरा जाड, मऊ, पोकळ नळी. पहिली अख्खी उतरली तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच होते. मी टाळ्या वाजवल्या. कुणी नव्हतं म्हणून दोनदा वाजवल्या.

इथं आमच्या हवेविषयी बोललंच पाहिजे, तिच्याविषयी चांगलं बोलायची संधी परत मिळायची नाही. माझ्या मार्गदर्शक बाई समुद्रकाठच्या मोठ्या शहरात काम करतात. त्यांचं यंत्र माझ्यापेक्षा कितीतरी भारी, पण तिथल्या दमट हवेत तंतू ओले राहतात आणि एकमेकांना चिकटतात. मी ऐन एप्रिलात पाठवलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघून बाईंनी फोन केला. "इतके सुटे तंतू? हवा कोरडी करायला कोणतं यंत्र बसवलंयत तुम्ही?"

"यंत्र नाही बाई," मी म्हटलं. "धाराशिव आहे."

आमच्या जिल्ह्याचं नाव टँकरशिवाय निघालेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि इथं कोरड्या हवेचं कौतुक चाललं होतं! मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये तीन वेळा सांगितली. मावशीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी इथं पाऊस पडत न्हाय ते तुझ्या वहिनीसाठी व्हय!" आणि काकांना आवाज देऊन तिनं तेही ऐकवलं.

वर्षभर असं मजेत चाललं. पण एक गोष्ट मला दिसत होती आणि मी तिच्याकडं कानाडोळा करत होते. मावशी दर खेपेला उत्तम कोष निवडून माझ्यासाठी बाजूला ठेवायची. डाग नसलेले, टणक, एकसारखे. "हे वहिनीचे," म्हणायची. मग हळूच विचारायची, "माझ्या उपयोगी पडंल न्हवं?" मी म्हणायचे, "बघू की." शिंप्याला आपण कापड दिलं की कपडा आपलाच शिवला जातो. मावशीनं रेशीम दिलं होतं. तिच्या हिशोबी तिनं नळी शिवायला टाकली होती. मला हे कळत नव्हतं असं अजिबात नाही.

एका सकाळी भुंगा थांबला. मावशी उठली, सवयीनं मनगटावर बोट ठेवलं, आणि आत काहीच नाही. सोलापूरला नेलं. शीर गुठळीनं बंद पडली होती आणि ती पुन्हा सुरू होईना. डॉक्टरांनी तात्पुरती सोय म्हणून मानेतून एक नळी घातली. हे सगळं मला काकांनी फोनवर सांगितलं, पुढं काय ठरलं ते मात्र सांगितलं नाही. चार दिवसांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती कोषांची पिशवी आली. मी ती रिकामी करायला लागले तर तळाशी एक छोटी पुडी. तिच्यात लाल दोऱ्याची गुंडाळी, दोऱ्याला तीन गाठी; बोटभर लांबीची तुतीची सोललेली काडी; आणि काकांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी.

'सोबत मावशीचे माप पाठवत आहे. डॉक्टर म्हणतात, नळी कोपरापासून खाली नेऊन परत वर वळवायची आहे, म्हणून दोरा दुपदरी धरून घेतला आहे. मधली गाठ मनगटाकडची. जाडी काडीप्रमाणे. फार घट्ट करू नये, तिला घट्ट सहन होत नाही. सवडीने पाठवली तरी चालेल.'

सवडीने! मी तो दोरा हातात धरून स्टुलावर बसले. आधी हसू आलं, घट्ट सहन होत नाही या वाक्याचं. मग चिठ्ठी पुन्हा वाचली. काकांना फोन लावला. "काका, डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांगा."

"ते म्हणले, आमच्याकडं तयार नळी मिळती, पुढच्या आठवड्यात बसवून टाकू. ही म्हणली, नगं. आमच्या घरी होतीय, आमची भाची करतीय, आमच्याच रेशमाची हाय. आमी थांबतो."

"आणि डॉक्टर?"

"ते म्हणले, मानेतली नळी जास्त दिवस ठेवाया न्हाय पाहिजे. जंतू जातेत. पर तिनं ऐकलं न्हाय बग."

मावशी माझ्यासाठी थांबली होती. माझ्या 'बघू की'साठी. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, नळीचा डबा आणि एक सिरिंज पिशवीत घातली आणि तुळजापूरवरून सोलापूरकडं जाणाऱ्या गाडीत बसले. रस्ताभर वाक्यं जुळवली, तामलवाडीला उतरेपर्यंत सगळी विसरले.

मावशी ओसरीवर बसली होती. मानेवर पांढरी पट्टी, पट्टीतून बाहेर आलेली दोन टोकं. माझ्या हातातला डबा बघताच ती ओरडली, "आली गं बाई वहिनी!"

मला खरं सांगायचं होतं, पण सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं वाटलं. शेवटी मी म्हटलं, "काका, एक वाटी पाणी आणा. आणि जरा कुंकू."

काकांना वाटलं आधी पूजा करायची. ते ताम्हण, हळदकुंकू, नारळ आणि उदबत्ती घेऊन आले. मी नारळ बाजूला ठेवला, वाटीतल्या पाण्यात कुंकू कालवलं आणि ते सिरिंजमध्ये भरलं. डब्यातली नळी काढली, एक टोक दोऱ्यानं बांधलं, दुसरं सिरिंजला लावलं आणि हळूहळू दाबलं. नळी गुलाबी झाली, ताठ झाली.

"बग, धरलं की!" मावशी म्हणाली.

"आता बघ." मी नळी वाकवली, जशी तिच्या हातात वळवावी लागली असती तशी. वळणावर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब आला. मग दुसरा. मग चार-पाच.

"घाम आला वहिनीला," काका हळूच म्हणाले.

"घाम नाही काका. ती गळतीय." एवढं बोलल्यावर मग मला थांबताच येईना. मी सांगून टाकलं. ही वाकवली की गळते. रक्त घातलं तर आत गुठळ्या होतात. आणखी कितीतरी बनवाव्या लागतील, मग शेळ्यामेंढ्यांत बसवून बघाव्या लागतील, मग वर्षानुवर्षं तपासण्या, आणि त्यानंतरही माणसाला बसवायची परवानगी मिळेल की नाही कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांकडची नळी जाड असते, ती लोकांच्या हातात चांगली चालते. मी बारीक नळीच्या मागं लागलीय, ती अजून कुणालाच धड जमलेली नाही. "मावशी, ही तुझ्या हातात कधीच बसणार नाही. तू डॉक्टरांना हो म्हण. आजच म्हण."

मावशीनं वळणावरचा एक थेंब बोटानं टिपला. मग म्हणाली, "मग वरीसभर कामून न्हाय बोललीस?"

"तू विचारायचीस तेव्हा मला फार बरं वाटायचं," मी म्हटलं. "माझ्या कामाचं दुसरं कुणी विचारतच नव्हतं गं." आणि मी रडायला लागले, चांगली भोकाड पसरून, या वयात, नारळासमोर.

तिनं मला रडू दिलं. समजूत घातली नाही; रागावली होती आणि तिचा हक्कच होता. थोड्या वेळानं तिनं हात पुढं केला. "आण ती पिचकारी इकडं."

मी सिरिंज दिली. तिनं नळी उजेडाकडं धरून बघितली, बोटांत चोळून बघितली. "लई मऊ झालीय पर," असं पुटपुटली आणि मग पुरा जोर लावून दट्ट्या दाबला. वळणावर नळी फाटली आणि गुलाबी पिचकारी थेट काकांच्या धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर. काका "आगं, आगं!" करत उठले, उदबत्ती पडली, आणि मावशीला हसू फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना. मानेतल्या नळीला धक्का लागेल म्हणून मी तिला धरायला गेले तर मलाही हसू आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "उभ्या जिंदगीत रंगपंचमी खेळला न्हाय ह्यो माणूस माझ्यासंगं. आज खेळला." मग लगेच, त्याच आवाजात, "लावा डॉक्टरला फोन. म्हणावं, तुमची आणा."

ऑपरेशन पार पडलं. मी बाहेर बाकावर काकांशेजारी बसून होते. आत जाण्याआधी तिनं डॉक्टरांना सुनावलंच होतं, "ही वहिनी परक्या घरची हाय, जरा सांभाळून आणा." डॉक्टरांना काही कळलं नसणार, पण ते हो म्हणाले. हात सुजला, सूज उतरली, टाके निघाले. काही आठवड्यांनी नव्या नळीत पहिल्यांदा सुया घातल्या आणि मानेतली नळी काढून टाकली. त्या रविवारी मी तामलवाडीला गेले.

मावशीनं बाही वर सारली. कातडीखाली कोपरापासून खाली जाऊन परत वर आलेलं वळण स्पष्ट दिसत होतं. "लाव बोट," ती म्हणाली.

मी लावलं. आतून जोरात थरथर आली, थेट माझ्या कोपरापर्यंत. आजवर माझ्या नळ्यांतून धड वाहिलं होतं ते फक्त पाणी, कधी साधं, कधी रंगीत. माणसाच्या अंगात बसवलेल्या नळीतून रक्त धावताना मी पहिल्यांदाच हात लावून बघत होते. ती माझी नव्हती. कुठल्यातरी कारखान्यात, मला ठाऊक नसलेल्या माणसांनी केलेली होती. मला वाटलं होतं हेवा वाटेल. जराही वाटला नाही. त्या माणसांना शोधून काढून त्यांना मावशीच्या हातची भाकरी घालावी असं वाटलं. मी काकांना हाका मारून बोलावलं, जसं काही त्यांनी ते रोज बघितलंच नव्हतं, आणि त्यांनीही नव्यानं बोट लावल्यासारखं केलं.

"गुणाची हाय न्हवं?" मावशी म्हणाली.

"लई गुणाची आहे." मग मला राहवलं नाही. "मावशी, माझी अजून गळतीय."

"मालूम हाय. दवाखान्यात समद्यांला सांगितलं म्या."

"काय सांगितलंस?"

तेव्हा कुठं मला कळलं की वर्षभर मावशीनं माझी वहिनी अख्ख्या दवाखान्याला कबूल करून ठेवली होती. खिडकीजवळच्या खाटेवरून तिनं प्रत्येकाला सांगितलं होतं की भाची करतीय, आपल्या सगळ्यांचं काम होणार. शेजारच्या खाटेवरचे एक निवृत्त मास्तर तर स्वतःच्या हाताचं माप काढून बसले होते. आदल्या सोमवारी मावशी सुया लावून घ्यायच्या आधी प्रत्येक खाटेपाशी गेली होती. ज्या बाईनं कधी कुणाची माफी मागितल्याचं आठवत नाही, ती खाटेखाटेला थांबून आपलं चुकलं म्हणून सांगत आली होती.

"म्हणलं, भाचीची नळी आपल्या वाट्याला न्हाय. लई वर्सं लागतील. तिची वाट बगू नगा, डॉक्टर म्हणतील ते बसवून घ्या." तिनं बाही खाली ओढायला घेतली, पण माझं बोट तिथंच होतं म्हणून ती थांबली. "आता तुझ्यासाठी कुणीबी थांबलेलं न्हाय, माय. तू निवांत कर. नीट कर."

वर्षभरात मला कुणी इतकं मोकळं केलं नव्हतं. मी हसत होते, डोळे वाहत होते, आणि तिच्या हातावरचं बोट मी काही केल्या काढलं नाही.